सुरभीच्या अक्षराची पुस्तकं

पुष्पा राठोड बी.लिब. झाली, आणि तीही फर्स्ट क्लासमध्ये, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारा उगाच जीव मुठीत धरून बसायचा, की बाई पास होते का नापास. झाली बापा पास. निकाल लागला त्या दिवशी तिचा बाप भावसिंग मुकुटबनकडच्या आपल्या तांड्यावरून फटफटीवर आला, हातात पेढ्यांचा पुडा, आणि दिसेल त्याला थांबवून सांगू लागला की माझी पोरगी आता पुस्तकांची मोठी साहेबीण झाली. साहेबीण तेव्हा घरामागे, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या ढिगाआड उभी राहून रडत होती. बायांना वाटलं, आनंदानं रडते. आनंद कसला, डोंबल! ती कशानं रडत होती, तेच सांगायचं आहे.

पुष्पाला लहानपणापासून एक खोड. वस्तू ओळीनं लावायची. पहिलीत मुळाक्षरं शिकली, आणि दुसऱ्याच दिवशी तिनं घरातले सगळे डबे अक्षरांच्या क्रमानं मांडून टाकले. आई धनीबाई शाळेचं तोंडही न पाहिलेली. डोळे मिटून फळीवर हात घालणारी ती बाई, तिनं वरणात हळद म्हणून बेसन टाकलं. "कोनं माह्या घराचा इस्कोट केला वं?" म्हणत तिनं लेकीच्या पाठीत दोन धपाटे घातले. डबे परत आपापल्या जागी गेले, खोड मात्र गेली नाही. पुढे पोरगी बी.ए. झाली. तांड्यातली पहिली पदवीधर मुलगी. मग लग्न. नवरा लखन पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याला ट्रक चालवणारा, महिन्याचे वीस दिवस घराबाहेर. सासर मारेगावपासून चार किलोमीटरवरच्या तांड्यात. घरात उरल्या दोघीच, पुष्पा आणि सासू बसंतीबाई. सासूला ती आपल्या बोलीत 'याडी' म्हणायची, म्हणजे आई, आणि उगीच तोंडदेखलं नाही, मनापासून म्हणायची.

मारेगावच्या वाचनालयात ग्रंथपालाची जागा रिकामी झाली आणि पुष्पानं अर्ज टाकला. जागा रिकामी झाली ती ठेंगणे गुरुजींमुळे. हा म्हातारा एकतीस वर्षं तिथे बसला. मूळचा शाळामास्तर, त्यामुळे सगळा कारभार शाळेसारखा. कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं हे ते खडूनं पाटीवर लिहायचे, आणि पुस्तक परत आलं की ओल्या फडक्यानं पुसून टाकायचे. रजिस्टर नाही, काही नाही. एक नियम मात्र कडक. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर वरच्या कडेनं चिकटवलेली एक जाड चिठ्ठी असायची. पुस्तक नेणाऱ्यानं त्या चिठ्ठीवर तारीख टाकायची आणि स्वतःच्या हातानं पूर्ण नाव लिहायचं. सही चालायची नाही, गिरबिट चालायचं नाही. "ज्यानं पुस्तक नेलं त्याचं अक्षर पुस्तकात राह्यलं पाह्यजे," असं गुरुजी म्हणत. का राह्यलं पाह्यजे, ते त्यांना कोणी विचारलं नाही. नोकरी सुटल्यावर ते अमरावतीला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. पुष्पाची आणि त्यांची भेट झाली ती फक्त किल्ल्या घेताना.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि अकरा लोखंडी कपाटं. सकाळी पेन्शनर पेपर वाचायला, दुपारी स्पर्धा परीक्षेची पोरं पंख्याखालची जागा धरायला. पुष्पाला ते सगळं फार आवडलं. पण गावात कोणीतरी म्हणालं, बिगरडिग्रीची ग्रंथपाल म्हणजे काय, नुसती पुस्तकं पुसणारी. ते तिला झोंबलं. तिनं दूरशिक्षणातून ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या पदवीला नाव घातलं. दर रविवारी पहाटेची एस.टी. धरून यवतमाळला, संध्याकाळी परत. बसंतीबाई म्हणे, "पुस्तकं द्याची अन् घ्याची, त्याले बी पास व्हा लागते? मंग भाजी निवडाची बी डिग्री काढून ठेवा म्हणा." पण रविवारची भाकर ती स्वतःच बांधून द्यायची, त्यात मिरचीचा ठेचाही असायचा.

आणि काय सांगू, पोरगी त्या अभ्यासात हरवून गेली. वर्गीकरण, तालिका, माहितीचं व्यवस्थापन. जगातली प्रत्येक गोष्ट कुठेतरी बसते, तिला एक आकडा असतो, आणि तो आकडा माहीत असला की ती हाताशी येते, हे ऐकून तिला कोणीतरी आपल्या मनातलं बोलल्यासारखं झालं. डब्यांसाठी धपाटे खाल्लेली मुलगी ती. आता तिच्या खोडीला शास्त्र मिळालं होतं.

आता पुंडलिकराव. बोरखडीचे पुंडलिकराव पिंपळशेंडे, कापूस-तुरीचे शेतकरी, वय साठीच्या जवळ, शिक्षण सातवी. बाजाराच्या दिवशी थैली घेऊन यायचे. टोपी काढून टेबलावर ठेवायचे, कपाटाशी जायचे आणि एकेक पुस्तक काढून मागून उघडून पाहायचे. मागूनच. शेवटचं पान पाहिलं की परत ठेवायचे, दुसरं काढायचे. कधी अर्धा तास, कधी तास. मग एखादं घेऊन यायचे, आणि कार्ड दाखवायचे ते लेकीचं. सुरभी पुंडलिकराव पिंपळशेंडे, सभासद नंबर दोनशे चौदा. चिठ्ठीवर लेकीच्या नावाखाली आपलं नाव लिहायचे, जीभ दातात धरून, एकेक अक्षर.

पुष्पा त्यांची थट्टा करायची. "काकाजी, पुस्तक समोरून उघडतेत. तुमी त सगळ्यात पहिले शेवटच पाहता."

"आमचं उलटंच हाय सगळं," ते हसून म्हणायचे.

एकदा ती म्हणाली, "पोरगी लय वाचते तुमची. कवा मधमाश्या, कवा जहाजं, कवा कादंबरी. एवढं त आमच्या परीक्षेवाले पोट्टे वाचत नाईत."

पुंडलिकराव थैलीत पुस्तक ठेवता ठेवता थांबले. "हो जी," म्हणाले. "वाचते."

सुरभी दोन वर्षांपूर्वीच वारली होती. हे पुष्पाला माहीत नव्हतं, आणि कोणी सांगावं असं कारणही पडलं नव्हतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. डेंग्यू झाला, पाच दिवसांत गेली. एकुलती एक. तेराव्यानंतर तिच्या दप्तरात वाचनालयाचं एक पुस्तक निघालं. बाप ते परत करायला आला तेव्हा ठेंगणे गुरुजी होते. परत देण्याआधी तारीख पाहावी म्हणून पुंडलिकरावांनी शेवटचं पान उघडलं, तर तिथे लेकीचं अक्षर. सुरभी पुंडलिकराव पिंपळशेंडे, 'भी'ची वेलांटी नको तितकी लांब ओढलेली. बाप तसाच उभा राहिला. मग त्यांनी कपाटातलं शेजारचं पुस्तक काढलं, त्याच्या पुढचं काढलं. चौथ्यात पुन्हा तेच अक्षर. गुरुजी सगळं बघत होते. ते एवढंच म्हणाले, "न्या पिंपळशेंडे. तिच्याच कार्डावर न्या."

असं सुरू झालं ते. शाळा सुटल्यापासून ज्यानं बियाण्याच्या पिशवीपलीकडे काही वाचलं नव्हतं, तो माणूस बोट ठेवून ठेवून लेकीनं वाचलेलं पुस्तक वाचू लागला. वाचून झालं की ओसरीवर बसून बायकोला, विमलताईला, सांगायचा. विमलताईला अक्षरओळख नाही. ती ऐकायची आणि मधेच विचारायची, "हे वाचून हासली असंल का हो ते?" मग दोघांचं भांडण. हा म्हणे हसली असेल, ती म्हणे छे, ते पोट्टी असल्या गोष्टीले रडत होती. जहाजाच्या पुस्तकावरून आठ दिवस चाललं. जिनं वर्धा नदीपलीकडे पाणी पाहिलं नाही, त्या पोरीनं जहाजाचं एवढं जाड पुस्तक कशापायी वाचलं? मधमाश्यांचं वाचलं तेव्हापासून विमलताईनं परसातल्या कडुनिंबावरचं आग्यामोहोळ कोणाला झाडू दिलं नाही. अशी अडतीस पुस्तकं झाली. त्या घरात लेकीबद्दल काहीतरी नवीन समजण्याची ही एकच वाट होती. पुढचं पुस्तक सापडायचं, आणि पोरगी आणखी पंधरा दिवस घरात बोलत राहायची. आणि ती वाट त्या मागच्या पानावरच्या चिठ्ठीतून जात होती.

हे त्यांनी पुष्पाला कधी सांगितलं नाही. मेलेल्या पोरीचं कार्ड वापरतो, हा गुन्हा समजून कार्ड काढून घेतील, ही धाकधूक. साधा माणूस, त्याला काय ठाऊक.

इकडे पुष्पाला पदवीसाठी प्रकल्प करायचा होता. विषय ठरला, आपल्याच वाचनालयाचं संगणकीकरण. प्रत्येक पुस्तक कॉम्प्युटरात चढवायचं, मागच्या पानावर बारकोड चिकटवायचा, जुनी पद्धत बंद. अभ्यासकेंद्रातल्या सरांनी वाचनालयाचे फोटो पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अहो मॅडम, कोणी कोणतं पुस्तक नेलं हे नावासकट सगळ्या गावाला दिसतंय की! वाचकाची गोपनीयता नावाची काही चीज आहे का नाही? त्या चिठ्ठ्या आधी फाडा." पुष्पा शरमली. आणि सर चुकीचं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत आहे. माणूस काय वाचतो ही त्याची खाजगी बाब, पुस्तक परत आलं की वाचकाचा माग राहता कामा नये, हे तिनं पेपरात चार पानं लिहिलं होतं आणि त्या प्रश्नाला तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते.

दिवाळी झाल्यावर ती कामाला लागली. सकाळी वाचनालय उघडण्याआधी दोन तास आणि बंद झाल्यावर एक तास. चिठ्ठी वरच्या कडेनं धरायची आणि ओढायची. टर्रकन निघायची. मग पान पुसायचं, बारकोड लावायचा, मशीनचा 'टिट' आवाज ऐकायचा. तो आवाज आला की पुष्पाला फार बरं वाटायचं. एकेक कपाट करत दहा कपाटं झाली. अकराव्याचं दार यंदाच्या पावसाळ्यात गंजून घट्ट बसलं होतं, ते लोहाराकडून उघडून घेऊ म्हणून मागे ठेवलं. निघालेल्या चिठ्ठ्यांच्या थैल्या भरल्या. वाचनालयात ठेवायला जागा नाही, आणि जाड कोरडा कागद फेकवत नाही. ती थैल्या घरी घेऊन जायची. थंडीचे दिवस. बसंतीबाईला आंघोळीचं पाणी तापवायला पेटवण हवंच असायचं. "झकास पेटते वं तुही लायब्ररी," ती म्हणायची, आणि दोघी हसायच्या. तीन महिने त्या घरात मारेगावच्या एकतीस वर्षांच्या वाचकांची नावं जळत होती, आणि त्या पाण्यानं पुष्पा आंघोळ करून नोकरीला जात होती.

पुंडलिकराव तेव्हा कापूसवेचणीत अडकले होते. ते आले ते संक्रांत उलटल्यावर. टोपी टेबलावर ठेवली, कपाटाशी गेले, पुस्तक काढलं, मागून उघडलं. काळ्या रेघांचा चौकोन. दुसरं काढलं. तिसरं काढलं. एक आख्खी फळी झाली. पुष्पा आपल्या खुर्चीवरून कौतुकानं बघत होती. कोणीतरी आपलं काम पुस्तक उघडून पाहतंय, असं तिला वाटलं.

"आता शोधाची गरज नाई काकाजी," ती म्हणाली. "सगळं कॉम्प्युटरमधी हाय. नाव सांगा, दोन सेकंदात पुस्तक."

ते टेबलाजवळ आले. "मंग त्याच्यात हे निघते का जी, का सुरभीनं कोनकोनती वाचली?"

"जुनं नाई निघत. ते काढून टाकलं. कोनी काय वाचलं हे दुसऱ्याले दिसू नोये, असा नियमच हाय. तुमच्या पोरीच्याच भल्याचं हाय ते." आणि मग ती हसून म्हणाली, "अन् एक डाव तिलेच पाठवा ना. नवीन कार्डासाठी फोटो काढा लागते तिचा."

पुंडलिकरावांनी टेबलावरची टोपी उचलली, हातात फिरवली, पुन्हा खाली ठेवली.

"सुरभी वारली जी," ते म्हणाले. "दोन वर्षं झाले."

मग ते बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. हळू आवाजात, चुकलेल्या पोरानं मास्तरासमोर सांगावं तसं, कारण त्यांच्या मते चूक त्यांचीच होती, कार्डाची. पेपर वाचणारे दोन पेन्शनर पेपर खाली ठेवून ऐकत राहिले. शेवटी पुंडलिकरावच म्हणाले, "तुमाले कायले माहीत राह्यते मॅडम. तुमी तुमचं काम केलं." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते थैली रिकामी घेऊन गेले.

दुपारीच कुलूप लावून पुष्पा घरी धावली. बसंतीबाई अंगणात शेंगा फोडत होती. "याडी, चिठ्ठ्या? चिठ्ठ्या राह्यल्या का?" सासूनं चुलीमागून एक थैली ओढून काढली. अर्धी. अकरा थैल्यांतली अर्धी. दोघींनी ती बाजेवर ओतली. पुष्पानं काय झालं ते सांगितलं. मग ती, जिला वाचता येत नाही ती, एकेक चिठ्ठी उचलून सुनेसमोर धरू लागली. "हे का? मंग हे का?" ऊन उतरेपर्यंत. सात निघाल्या. सात चिठ्ठ्यांवर सुरभीचं अक्षर, ती लांब वेलांटी, आणि खाली बापाचं नाव नाही, म्हणजे त्यानं अजून न वाचलेल्या पुस्तकांच्या. बसंतीबाईनं डोळे पुसले, म्हणाली, "सात त वाचल्या वं माय."

पुष्पानं चिठ्ठ्या उलटून पाहिल्या, पुन्हा सुलट्या करून पाहिल्या. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव नव्हतं. नंबरही नव्हता. कशाला असेल? चिठ्ठी पुस्तकालाच चिकटलेली होती. दहा कपाटांतल्या कोणत्या सात पुस्तकांतून त्या निघाल्या, हे आता कोणी सांगू शकत नव्हतं. पोरीनं काहीतरी वाचलं होतं, एवढंच त्यात उरलं होतं. रांडेच्या त्या फर्स्ट क्लासला काय चाटायचं? माहितीचं व्यवस्थापन शिकलेल्या बाईनं आपल्या हातानं अक्षर एकीकडे आणि पुस्तक एकीकडे केलं होतं, आणि बाकीचं चुलीत घातलं होतं.

उरलं होतं अकरावं कपाट. दुसऱ्या दिवशी लोहार आला, दार उघडलं. सव्वाचारशे पुस्तकं. पुष्पानं त्यांतली एकही चिठ्ठी फाडली नाही. प्रत्येक पुस्तक मागून उघडून पाहिलं, जसे पुंडलिकराव पाहायचे तसं. तीन सापडली. एक प्रवासवर्णन, एक गोष्टींचं पुस्तक, आणि एक रोपांच्या कलमांचं. एकाही चिठ्ठीवर खाली बापाचं नाव नव्हतं. तिला इतका आनंद झाला की तिनं तीनतीनदा खात्री केली. मग शिकल्याप्रमाणे नीट यादी केली. पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक, सुरभीनं नेल्याची तारीख. वर मथळा लिहिला आणि खाली एकूण आकडा. यादी, तीन पुस्तकं आणि एका पाकिटात त्या सात चिठ्ठ्या घेऊन रविवारी ती यवतमाळच्या एस.टी.ऐवजी बोरखडीच्या ऑटोत बसली.

विमलताईनं तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. पाकीट दिलं तेव्हा मात्र ती चहा विसरली. सातही चिठ्ठ्या तिनं मांडीवर ओळीनं ठेवल्या. वाचता येत नव्हतं, पण लेकीचं नाव कुठे आहे ते तिला बरोबर समजलं. तिथे बोट ठेवून बसली.

"काकाजी, माह्या हातून लय मोठं पाप झालं," पुष्पा म्हणाली. "पन ही तीन सापडली. आख्खं कपाट पाह्यलं मी, एकबी सोडलं नाई. तिच्या अक्षराची आता ही तीनच हायेत. यादी केली हाय मी."

पुंडलिकरावांनी यादी घेतली. बोट ठेवून वाचली, वरपासून खालपर्यंत. खालच्या आकड्यावर बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

"मोजली काहून जी तुमी?" ते म्हणाले.

पुष्पाला समजेना.

"मी कदी मोजली नाई," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "गुरुजीले बी कदी इचारलं नाई का किती हायेत. मनात आलं असतं त अकराही कपाटं एका हप्त्यात पाहून घेतले असते मी. नाई पाह्यले. आज सापडलं त सापडलं, नाई त पुढच्या बाजारी. पन्नास असतीन, शंभर असतीन. आपन मरेस्तोवर पुरतीन, असं वाटे. आता तुमी तीन म्हनता."

"बाकीच्या कपाटातही तिची असतीनच ना काकाजी. तुमी कोनतंही न्या. त्यातलं तिनं वाचलंच असंल…"

"कोनतं तिचं अन् कोनतं दुसऱ्याचं, कसं समजू? दुसऱ्याच्या पोरीनं वाचलेलं वाचून हिच्याशी काय बोलू मी?" त्यांनी विमलताईकडे पाहिलं.

विमलताईनं चिठ्ठ्यांवरचं बोट उचललं नाही. मान वर करून तिनं पुष्पाला विचारलं, अगदी साधं, रागानं नाही, की माहीतगार बाई आली आहे तर विचारून घ्यावं म्हणून: "मंग बाई, हे तीन वाचून झाले का मंग पुढं काय?"

पुष्पानं पाण्याचा रिकामा पेला ओसरीच्या कडेला ठेवला आणि उठली. चहा तसाच राहिला. ती तिथून निघाली तेव्हा पुंडलिकराव तिला रस्त्यापर्यंत सोडायला आले, ऑटो थांबवून दिला, "सांभाळून जा" म्हणाले. तिनं शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रकल्प तिनं सादर केला. सरांनी पाठ थोपटली. अकरावं कपाट का राहिलं, असं त्यांनी विचारलं, तर दार उघडत नाही म्हणाली. खोटं बोलली, आणि त्या खोट्याचं तिला काही वाटलं नाही. मग निकाल, मग भावसिंगचे पेढे, मग पऱ्हाटीच्या ढिगाआडचं रडणं. तेवढं बसंतीबाईला माहीत होतं. ती मागे येऊन सुनेच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि पेढ्याला तिनंही हात लावला नाही.

पुंडलिकराव अजून बाजाराच्या दिवशी वाचनालयात येतात. कपाटांकडे जात नाहीत. बाकावर बसतात, पेपर चाळतात, कापसाचे भाव पाहतात. ती तीन पुस्तकं त्यांच्या घरी आहेत. वाचली का, हे पुष्पा विचारत नाही. वाचली नाहीत, हे तिला ठाऊक आहे. वाचली की संपली.

पण पुस्तक पंधरा दिवसांचं असतं. कॉम्प्युटरात दोनशे चौदा नंबरसमोर लाल रेघ येते, मुदत संपली म्हणून. मृत सभासदाचं खातं बंद करावं असा नियम आहे, आणि मुदत दोनदाच वाढवता येते असाही आहे. दोन्ही नियम पुष्पाला पाठ आहेत, परीक्षेत आले होते. ती पुस्तकं परत आल्याचं दाखवते आणि त्याच मिनिटाला पुन्हा सुरभीच्या नावावर चढवते. त्याआधी पुंडलिकराव टेबलाशी येतात, दर वेळी, न चुकता, कारण न विचारता मुदत वाढवलेली त्यांना आवडत नाही.

"मॅडम," ते म्हणतात, "राहू देता का अजून पंधरा रोज? वाचून नाई झालं अजून तिचं."

"राहू द्या काकाजी," पुष्पा म्हणते.